प्रवेशाच्या दिवसांतलं दुरुस्ती पत्रक

जून लागला की भुसावळात चेहरे उगवतात. विजेच्या खांबांवर, पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर, बसस्टँडसमोरच्या लोखंडी चौकटीत. वाढदिवसवाले पुढारी खाली उतरतात आणि त्यांच्या जागी शाळेच्या ओळखपत्रावरचे फोटो चढतात. तेल लावून चापून बसवलेले केस, फ्लॅशने दचकलेले डोळे, खाली मार्क आणि त्याखाली कॉलेजचं नाव. यंदाही उगवलेत. काल बाजारातून येताना मी स्कूटर बाजूला घेतली आणि एक फ्लेक्स नीट वाचला. पोरीच्या नावापेक्षा कॉलेजचं नाव मोठ्या अक्षरांत होतं. माझी नजर आधी तिथेच जाते. नाव कोणाचं मोठं छापलंय?

मी धुळ्याला कायद्याच्या शेवटच्या वर्षात शिकते. त्यामुळे या दिवसांत सुट्टीला घरी आले की ओट्यावर कोणी ना कोणी येऊन बसतं. सोबत बारावी झालेली मुलगी किंवा मुलगा, हातात प्लास्टिकची फाइल. प्रश्न ठरलेला: "ताई, नावाचं कॉलेज घ्यावं का परवडणारं?" माझ्याकडे उत्तर आहे आणि ते द्यायला मी लाजत नाही. पण ते एका वाक्यात मावत नाही. त्यात एक आख्खा उन्हाळा आहे.

आमच्या घरात वर्तमानपत्राच्या आधी पत्रक आलं. बाबा रेल्वेच्या लोको शेडमध्ये टेक्निशियन. आठ तास इंजिनाशी आणि उरलेला वेळ कागदाशी. शिष्यवृत्ती रखडली, काढा पत्रक. नळाला गढूळ पाणी आलं, काढा पत्रक. जयंतीच्या मिरवणुकीत मोठ्या आवाजाचे डीजे नकोत, अभ्यासिकेला पंखे हवेत, काढा पत्रक. गुलाबी नाहीतर पिवळा कागद, सगळ्यात स्वस्त. छापखान्यातून गठ्ठा यायचा तो अजून गरम असायचा, आणि मी त्यावर गाल टेकवायची. शाईचा तो किंचित आंबट वास मला अजूनही सुट्टीचा वास वाटतो. 'जाहीर आवाहन' हे मी अक्षरं जुळवून वाचलेले पहिले शब्द. डब्यांच्या तळाशी पत्रकं, पुस्तकांना कव्हरं पत्रकांची, पाटावर बसताना खाली पत्रक. आम्ही दोघी बहिणी अक्षरशः मागण्यांवर बसून जेवलो.

आणि या घराचा एक नियम होता. पत्रकात चूक गेली तर दुरुस्तीचं पत्रक काढायचं. तेही ज्या हातांनी पहिलं वाटलं, त्याच हातांनी, त्याच दारांवर जाऊन. पुढे मोबाइल आले, वस्तीचा ग्रुप आला, लोक बाबांना म्हणाले, आता मेसेज टाका की. बाबा ऐकायचे नाहीत. "खोटं तोंडावर दिलं ना? मग खरंही तोंडावर द्यायचं." एकदा सभेची वेळ चुकीची छापली गेली तर ते रात्रपाळी करून आलेल्या अवस्थेत, डोळे लाल, दारोदार फिरले होते. लोक हसायचे. पण आमच्या वस्तीत त्यांच्या पत्रकावर कोणी शंका घेत नसे, हे मला हसणाऱ्यांपेक्षा जास्त ऐकू यायचं.

तर तो उन्हाळा. बारावीची परीक्षा झालेली, निकाल यायचा होता. वारा औष्णिक केंद्राकडून आला की दोरीवरच्या ओल्या कपड्यांवर राखेचा बारीक थर बसायचा आणि आई कपडे पुन्हा झटकायची. रावेरकडून केळीचे ट्रक यायचे, त्यांच्या मागे हिरव्या पानांच्या चिंध्या रस्त्यावर लोळायच्या. यार्डातल्या तापल्या लोखंडाचा वास संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडलं तरी जात नसे. आणि दिवसभर आईचं मशीन. आई शाळांचे गणवेश शिवते. जून हा तिचा हंगाम. निळं कापड, पांढरं कापड, खाकी कापड, घरभर बाह्या आणि कॉलर पडलेल्या. त्या खटखटीत मी दोन प्रवेश परीक्षांचा अभ्यास केला. एक सरकारी सीईटी आणि दुसरी पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठाची. त्या विद्यापीठाचं नाव मी इथे लिहीत नाही. नाव लिहिलं की ते पुन्हा माझ्यापेक्षा मोठं होईल.

त्या पुण्याच्या यादीत माझं नाव आलं.

हे मी आईला सांगितलं. आईने शेजारी साखर मागायला गेल्यावर तिथे सांगितलं. आणि शेजारून ते आबांकडे पोहोचलं. आबा म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहणारे निवृत्त गार्ड. उभं आयुष्य त्यांनी मालगाडीच्या शेवटच्या डब्यात काढलं. आवाज असा की बोलले तरी हिरवा झेंडा दाखवल्यासारखं वाटावं. त्यांनी कोणाला विचारलं नाही. यादीत नाव आलं म्हणजे प्रवेश झाला. जागेला होकार द्यायचा असतो, फी भरायची असते, तोवर ती जागा कोणाचीच नसते, हे त्यांच्या गावीही नव्हतं. आमच्याकडे इतकी वर्षं लढाई होती ती यादीत नाव येण्याचीच. त्यापुढेही एक दार असतं हे कोणी पाहिलेलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी धाकटी बहीण प्रज्ञा दूध घेऊन आली ती धावतच. तेव्हा तिची आठवी नुकतीच संपली होती.

"ताई, तू चौकात लटकली आहेस."

"काय?"

"चल पाहायला. दहावीचा फोटो टाकलाय. दोन वेण्यांचा. अन् नाकाखाली सावली पडलीये, मिशी आल्यासारखी."

आम्ही गेलो. दोन खांबांच्या मधे मी. 'भुसावळची शान, भावी न्यायाधीश.' खाली पुण्याच्या त्या विद्यापीठाचं नाव लाल अक्षरांत आणि 'प्रवेश घेतल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. कोपऱ्यात शुभेच्छुक म्हणून आबांचा फोटो, गार्डच्या पांढऱ्या गणवेशातला. आबा खाली खुर्ची टाकून बसले होते. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून वर बोट दाखवत होते.

"आबा, अजून प्रवेश घेतला नाही मी."

"घेशीन ना. आज नाही त उद्या. उगा कायले जीव थोडा करतं?"

प्रज्ञा म्हणाली, "आबा, न्यायाधीश झाल्यावर फोटो तरी बदलाल ना?"

त्या आठवड्यात मी दुकानात गेले की दुकानदार उठून उभा राहायचा. विहारात रविवारी टाळ्या झाल्या. शाळेतल्या बाई रस्त्यात भेटल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. इथे मला एक गोष्ट ठामपणे लिहायची आहे, कारण प्रतिष्ठेवर लिहिणारे लोक फार लवकर हसतात. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सगळं होतं त्यांना नावाचा मोह म्हणजे पोकळ दिमाख वाटतो. आमच्या वस्तीत तो दिमाख नव्हता. ज्या इमारतींचे फोटो आम्ही फक्त पाहिले, त्यांतल्या एकीत आमच्यातली एक शिरणार होती. त्या बाईंच्या डोळ्यांतलं पाणी खोटं नव्हतं. म्हणून मला तो फ्लेक्स नुसता हसण्यावारी नेता आला नाही. तो माझ्या मानगुटीवर बसला होता.

बाबा आणि मी पास काढून पुण्याला गेलो. रेल्वेवाल्यांच्या घरी जग दोन भागांत विभागलेलं असतं, पास चालतो ते आणि पास चालत नाही ते. पुणे पहिल्या भागातलं. विद्यापीठ मात्र स्टेशनपासून खूप लांब निघालं. काचेची इमारत. आत इतकं थंड की बाबांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. एका चकचकीत टेबलामागे गोड बोलणाऱ्या मॅडम बसल्या होत्या. त्यांनी मला सगळं दाखवलं. वाचनालय असं की पुस्तक काढायला शिडी. आणि तो सराव कोर्टाचा हॉल. लाकडी पायऱ्या, उंच आसन, वकिलाने उभं राहायची जागा, माइक. मॅडम म्हणाल्या, बोलून बघ. मी पुढे झाले आणि माझं नाव सांगितलं. नाव त्या लाकडावरून फिरून माझ्याकडे परत आलं, आणि मी खरं सांगते, मला ते हवं होतं. नुसतं आवडलं असं नाही. हवं होतं.

मग फीचा कागद. बाबांनी तो दोनदा वाचला. सरकारी शिष्यवृत्ती तिथे लागू नव्हती. मॅडम म्हणाल्या, "सर, याच्याकडे खर्च म्हणून नका बघू. इन्व्हेस्टमेंट म्हणून बघा. एज्युकेशन लोनसाठी बँकेचा माणूस इथेच बसतो."

बाबा शांतपणे म्हणाले, "मॅडम, माझी पोरगी आहे ती. शेअर नाही."

मॅडम हसल्या. चांगल्या होत्या त्या, त्यांचा राग मला तेव्हाही नव्हता. परतीच्या गाडीत बाबा खिडकीशी बसून होते. दौंड गेलं, मनमाड गेलं. मी विचारलं, "परवडेल का?" ते म्हणाले, "परवडवता येईल." या दोन शब्दांमधला फरक ज्यांना कळतो त्यांना पुढचं समजावून सांगायला नको. परवडवता येणं म्हणजे आईने दिवाळीतही गणवेश शिवणं, बाबांनी दुसरी पाळी मागून घेणं, पीएफ मोडणं. आणि पाच वर्षांनी हातात काळा कोट येईल तेव्हा त्याच्या खिशात कर्ज असणं. असल्या कोटात माणूस कोणासाठी उभा राहतो? जो हप्ता भरेल त्याच्यासाठी. हे मी कोणाच्या भाषणात ऐकलं नव्हतं. गाडीत, वाऱ्याने केस तोंडावर येत असताना, माझं मलाच सुचलं.

दुसरीकडे सरकारी सीईटीच्या यादीत धुळ्याचं कॉलेज लागलं होतं. तिथल्या देवपूर भागातलं. ते पाहायला मी आणि आई एसटीने गेलो. जळगाव, एरंडोल, पारोळा. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा शेवभाजीचा तिखट ठसका खिडकीतून आत आला आणि आई म्हणाली, "इथवर पोट भरायची तरी सोय आहे." पांझरेच्या पुलावरून गाडी गेली. नदीत पाणी कमी आणि धुणं जास्त. कॉलेजची इमारत जुनी, रंग उडालेली, आवारात कडुनिंब. वर्गातला पंखा प्रत्येक फेरीला एकदा कण्हायचा. सराव कोर्टाचा हॉल नव्हता. त्यासाठी जिल्हा न्यायालय होतं, खरंखुरं, चालत जाण्याच्या अंतरावर.

तिथे एक सर भेटले. सकाळी शिकवायचे आणि दुपारी कोर्टात उभे राहायचे. त्यांनी विचारलं, "कायदा कशाला शिकायचाय?" मी पत्रकातच वाढलेली. सुरू झाले. युगानुयुगांचा अन्याय, पेटून उठलेला समाज, निर्धार, एल्गार. सर ऐकत राहिले. मग म्हणाले, "बरं बोलतेस. पण अर्जात विशेषणं चालत नाहीत. कोणी, कोणाचं, काय, कोणत्या नियमाविरुद्ध घेतलं, एवढंच सांग. मग बघ न्यायाधीश मान वर करतो की नाही." मला राग आला. माझी विशेषणं ही माझी वडिलोपार्जित संपत्ती होती. पण पुलावर पोहोचेपर्यंत मी मनात आमचं पाण्याचं जुनं पत्रक विशेषणांशिवाय म्हणून पाहत होते, आणि ते जास्त जोरात वाजत होतं.

आज पाचव्या वर्षातही ते सर माझे अर्ज तसेच खोडतात. माझी खोली देवपुरातच आहे, एका अक्कांच्या घरात. पहिल्या संध्याकाळी त्यांनी दार उघडून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुनं गाव कोन्तं शे?"

"भुसावळ."

"आन शिकाले आठे? भुसावळना लोके तं पुनाले जातंस."

"मी इथे आले."

"मंग जेवनी का?" आणि उत्तराची वाट न पाहता त्यांनी ताट वाढलं. "बठ्ठं शे, लाजू नको." बठ्ठं म्हणजे सगळं. माझ्या निवडीवर धुळ्यात मला मिळालेली पहिली प्रतिक्रिया म्हणजे ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा. त्याहून बरी मी कुठली मागणार होते?

पण निवड झाली ती भुसावळात, आईच्या मशीनपाशी. होकार कळवायची मुदत जवळ आली होती. बाबा म्हणाले, "तू सांग. आम्ही दोन्हीकडे तयार आहोत." आई खाकी चड्डीची शिलाई दुमडत होती. मान वर न करता म्हणाली, "गणवेशाला आत माया ठेवतात. पोरगं वाढतं, पुढच्या वर्षी उसवून मोठं करता येतं. सगळं कापड आत्ताच कापलं तर पुढे काय उसवणार?"

प्रज्ञा बटणं वेगळी करत बसली होती. ती म्हणाली, "ताई, मी काय होणार ते अजून ठरवलं नाही."

"मग?"

"मग काही नाही. ठरवायची वेळ येईल तेव्हा घरात काहीतरी शिल्लक ठेव. नाहीतर तुम्हीच ठरवून टाकाल, प्रज्ञा, तू साधंसं काहीतरी कर."

ती हसत बोलली. म्हणून जास्त लागलं. एका घरात एक मुलगी काचेच्या इमारतीत आणि दुसरी 'साधंसं काहीतरी'. एकीच्या नावाची किंमत दुसरीच्या न ठरवलेल्या आयुष्याने भरायची. मला माझ्या वस्तीचा अभिमान व्हायचं होतं. पण माझ्या बहिणीचं छत काढून त्या अभिमानाचं पटांगण करायचं नव्हतं. मी म्हणाले, "धुळे."

आई म्हणाली, "नक्की?"

"नक्की."

मशीन पुन्हा सुरू झालं. बाबा उठले. मग त्यांनी कपाटावरून कोऱ्या कागदांचा गठ्ठा खाली काढला आणि माझ्यासमोर ठेवला. "चौकात काय छापलंय, माहीत आहे ना?"

"ते मी नाही छापलं."

"फोटो तुझाच आहे ना?"

पुढे काही बोलायची गरज नव्हती. आमच्या घरात जन्मलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागत नाही. मी बसले आणि विशेषणं न घालता लिहिलं. 'दुरुस्ती. चौकातल्या फलकावर माझा पुण्यात प्रवेश झाल्याचं छापलं आहे. ते खरं नाही. माझी तिथे निवड झाली होती. मी तिथे प्रवेश घेत नाही. मी धुळ्याच्या विधी महाविद्यालयात शिकणार आहे. आपण केलेल्या अभिनंदनाबद्दल आभारी आहे. ते परत घ्यायचं की नाही हे आपण ठरवावं.' खाली माझं नाव. नेहमीच्याच आकारात.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर मी आणि प्रज्ञा निघालो. आपलंच अभिनंदन खोडून काढत दारोदार फिरण्याचा अनुभव प्रत्येकाने एकदा तरी घ्यावा, असं माझं मत आहे. माणसं कळतात. एका काकूंनी वाचून कागद परत दिला, जणू चुकीच्या पत्त्यावर आला होता. दुकानदार म्हणाला, "पैशाचं अडलं का?" त्यात कळवळा होता, पण थोडं समाधानही होतं. शाळेतल्या बाई म्हणाल्या, "एवढं चांगलं सोडलंस?" मी म्हणाले, "बाई, चांगलं होतं. म्हणूनच सोडायला त्रास झाला." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि त्या हातात हळहळ होती की आशीर्वाद, हे मला आजही सांगता येणार नाही.

शेवटचं घर आबांचं. ते फ्लेक्सखालीच बसले होते, खुर्ची सावलीत सरकवून.

"काय वं पोरी, काय वाटू राहिली?"

मी कागद दिला. त्यांनी चष्मा लावला. वाचता वाचता त्यांचा चेहरा बदलत गेला. मग त्यांनी कागद मांडीवर ठेवला.

"धुळ्याले? जिथं रेल्वेचा धड रस्ता नाही, आपला पास चालत नाही, तिथं रेल्वेवाल्याची पोरगी शिकन?"

"एसटी जाते, आबा."

"मस्करी करू नको." ते खरंच चिडले होते. "मी जिंदगीभर गाडीच्या शेवटी बसलो. पुढं काय चाललं ते मले कधी दिसलंच नाही, निस्ते मागचे रूळ दिसायचे. वाटलं, आपल्यातली एक त इंजिनात बसन. अन् तू म्हणतं, नको मले इंजिन."

"आबा, त्या इंजिनात बसायचं तर प्रज्ञाला रुळावर उतरवावं लागत होतं."

ते प्रज्ञाकडे पाहत राहिले. ती खाली बघून चपलेने माती उकरत होती. आबांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "मग हे कायले असं लिहिलं?" त्यांनी ओळीवर बोट ठेवलं. "'मी तिथे प्रवेश घेत नाही.' जशी काय तुले आवडलं नाही म्हणून तू पाठ फिरवली. घेऊ देत नाही त्ये, हे कुठं लिहिलं तू?"

मला ते वाक्य फार आवडलं होतं. ताठ मानेचं होतं. 'घेत नाही.' आबांचं बोट त्यावरून हलेना. माझी निवड माझीच होती, त्यात मला तेव्हा शंका नव्हती आणि आजही नाही. पण माझ्यासमोर काय काय ठेवायचं, हे माझ्या आधीच कोणीतरी निवडून ठेवलं होतं. यादीत नाव लावायचं आणि दाराला किंमत लावायची, मग आत न गेलेल्यांना म्हणायचं, तुम्हीच आला नाहीत. ज्यांना परवडतं त्यांनाही निवड आणि आम्हालाही निवड. शब्द एकच, म्हणून न्याय झाल्यासारखा दिसतो.

"ते या पत्रकात बसत नाही, आबा," मी म्हणाले. "हे दुरुस्तीचं आहे."

"मग दुसरं काढ. मी वाटतो."

आणि त्यांनी उठून, स्वतःच्याच फोटोची पर्वा न करता, फ्लेक्सची एका बाजूची दोरी सोडली.

त्यानंतरची वर्षं देवपुरात गेली. सकाळी वर्ग, दुपारी कोर्टाचे व्हरांडे. तिथे मी पाहिलं की मोठ्या नावाच्या कॉलेजातून आलेले वकील चांगलेही असतात आणि वाईटही, आणि आमच्या पंख्याखालून गेलेलेही तसेच. न्यायाधीश कोणाला कॉलेज विचारत नाहीत. कोणीच विचारत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. पुढे विचारतात. मोठ्या शहरातल्या मोठ्या ऑफिसांत आधी तेच विचारतात. ज्या पोरापोरींना त्या वाटेने जायचंय आणि ज्यांच्या घरी माया शिल्लक आहे, त्यांनी खुशाल जावं. मी अडवणार नाही. उलट जे कोणाच्या वाट्याचं कापून जात नाहीत, त्यांच्यासाठी मी टाळ्या वाजवते. ओट्यावर आलेल्यांना मी एवढंच विचारते: या नावाची किंमत तुझ्या घरात कोण भरणार आहे? त्याचा चेहरा डोळ्यांसमोर आण. त्याने हो म्हटलंय, की तो फक्त गप्प आहे? उत्तर तिथेच मिळतं. बहुतेक वेळा आईबाप एकमेकांकडे पाहतात आणि मुलगी आईकडे.

प्रज्ञाने यंदा बारावी केली. काय व्हायचं ते तिने ठरवलंय, आणि लांबच्या गावी जायचं तेही. घरात शिल्लक आहे. ती कुठे जाणार आणि काय होणार, ते मी सांगणार नाही. तिचं पत्रक ती काढेल.

माझं दुसरं पत्रक निघायला मात्र वेळ लागला. कारण सरांनी ते पत्रक राहू दिलं नाही. खोडत खोडत त्याचा अर्ज केला. शासनाची शिष्यवृत्ती ज्या विद्यार्थ्यांचा हक्क आहे, त्यांना निवड यादीत घेऊन फीच्या दाराशी थांबवणाऱ्या विद्यापीठांबद्दल. कोणी, कोणाला, काय नाकारलं, एवढंच. समाजकल्याण खात्याला एक प्रत आणि एक त्या विद्यापीठाला. भुसावळात त्यावर सह्या गोळा करायचं काम आबांनी केलं. ते कोणाला सही मागत नाहीत, सही करायला उभं करतात.

गेल्या आठवड्यात मी आणि माझ्या वर्गातल्या दोघी तो अर्ज घेऊन पुण्याला गेलो. ऊन तसंच होतं, काच तशीच चमकत होती. प्रवेशाचे दिवस, त्यामुळे फाटकाशी रांग. आईबाप, फायली, पाण्याच्या बाटल्या. एक मुलगी वडिलांच्या शर्टाची बाही धरून वर इमारतीकडे पाहत होती. तिला ते किती हवं असेल, ते मला ठाऊक होतं. आमची पाळी आली. पहारेकऱ्याने वहीवर पेन टेकवलं आणि विचारलं, "ॲडमिशनसाठी?"

"हो," मी म्हणाले. "पण माझ्या नाही."